स्पर्धा कायदा शिकताय? मग आधी फॅक्ट्स वाचा

स्पर्धा कायद्याची, म्हणजे कंपन्यांमधली स्पर्धा टिकवणाऱ्या कायद्याची, मुख्य कलमं वाचायला अर्धा तास पुष्कळ झाला. अमेरिकेचा शर्मन अ‍ॅक्ट १८९० चा, त्यात कामाची कलमं दोनच, एक संगनमताबद्दल आणि दुसरं मक्तेदारीबद्दल. युरोपियन युनियनच्या करारात कलम १०१ आणि १०२, भारताच्या २००२ च्या कायद्यात कलम ३ आणि ४, बाकी जगात कुठेही बघा साधारण हीच जोडी आणि सोबत कंपन्यांच्या विलीनीकरणावर लक्ष ठेवायची तरतूद. एवढंच. त्यामुळे हा विषय घेणाऱ्यांना आधी वाटतं की चला, छोटा पेपर आहे, पटकन होईल, आणि मग परीक्षेत प्रश्न येतो की चार कंपन्यांनी एकाच आठवड्यात सारखाच भाव वाढवला, कायदा मोडला का सांगा, आणि पाठ केलेलं कलम तिथे काहीच कामाला येत नाही.

माझं ठाम मत आहे की हा विषय पुराव्याचा आहे. कोणी काय केलं, कुणाला काय माहीत होतं, त्या धंद्यात भाव ठरतो कसा, गिऱ्हाईक कोण, माल बनवायला किती खर्च येतो. निकालातला फॅक्ट्सचा जो भाग सगळे ओलांडून थेट शेवटच्या पानावर जातात ना, तोच खरा अभ्यास. नुसतं म्हणून उपयोग नाही, म्हणून उदाहरणंच घेते.

भारताच्या सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिला २०१७ चा, एक्सेल क्रॉप केअरचा. धान्याच्या गोदामात कीड लागू नये म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात, त्यासाठी फूड कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने टेंडर काढलं आणि २००९ मध्ये तीन कंपन्यांनी किलोला अगदी तोच भाव भरला, ३८८ रुपये. दुसरा निकाल २०१८ चा, राजस्थान सिलिंडर्सचा. इंडियन ऑइलने गॅस सिलिंडरचं टेंडर काढलं, चाळीसच्या वर कंपन्या त्यात अडकल्या, एकेका राज्यासाठी भरलेले भाव सारखेच, आणि वर टेंडर भरायच्या तोंडावर हॉटेलात बैठक पण झालेली. आता नुसतं एवढं ऐकून कुणालाही विचारा, जास्त संशयास्पद कुठलं, तर उत्तर येईल सिलिंडरवालं. कोर्टाने मात्र गोळ्यावाल्यांचं संगनमत मान्य केलं आणि सिलिंडरवाल्यांना सोडलं.

का? कारण कोर्टाने आकड्यापाशी न थांबता बाजार बघितला. सिलिंडर विकत घेणारे तीनच, तिन्ही सरकारी तेल कंपन्या, त्यांच्याशिवाय तो माल दुसऱ्या कुणाला विकताच येत नाही, गेल्या वेळचा भाव सगळ्यांना माहीत, कच्चा माल तोच, आणि शेवटी वाटाघाटी करून भाव ठरवणार खरेदीदारच. अशा ठिकाणी कुणी कुणाशी एक शब्द न बोलता पण आकडे जुळू शकतात. आणि त्या बैठकीला सगळे बिडर हजर नव्हतेच. उलट गोळ्यांच्या केसमध्ये बनवणारे मोजकेच, २००२ पासूनच्या टेंडरांमध्ये सारखे भाव भरायची सवयच दिसते, प्रत्येकाचा कारखाना वेगळ्या जागी, खर्च वेगळा, तरी पैशापर्यंत तोच आकडा, आणि हे कसं झालं याचं पटेल असं उत्तर कुणाकडे नाही.

मला स्वतःला सिलिंडरच्या निकालातली ती हॉटेलातली बैठक अजून टोचते, कोर्टाने तिला फार हलक्यात घेतलं असं माझं मत आहे, पण तो मुद्दा वेगळा. अभ्यासासाठी महत्त्वाचं हे की कलम तेच, तीन नंबरचंच, आणि निकाल उलटसुलट. दोन्हीतला फरक कलमात शोधून सापडणारच नाही.

हेच युरोपातही झालंय. लाकडाचा लगदा, ज्याच्यापासून कागद बनतो, तो विकणाऱ्या फिनलंड, कॅनडा आणि अमेरिकेतल्या कंपन्या दर तिमाहीला पुढच्या तिमाहीचा भाव आधीच जाहीर करायच्या आणि ते भाव जवळपास एकाच वेळी, जवळपास सारखेच यायचे. युरोपियन कमिशनने, म्हणजे युरोपियन युनियनमध्ये हा कायदा राबवणाऱ्या संस्थेने, १९८४ मध्ये दोषी धरलं. कोर्टाने काय केलं तर स्वतःच अर्थतज्ज्ञ नेमले आणि त्यांच्याकडून त्या बाजाराचा अभ्यास करून घेतला, आणि १९९३ मध्ये सांगितलं की संगनमत सोडून दुसरं कुठलंच पटणारं कारण नसेल तरच नुसत्या सारख्या वागण्यावरून दोषी धरता येईल, आणि इथे तर गिऱ्हाइकांनाच भाव आधी कळायला हवे होते. हा निकाल लांबलचक आहे, कंटाळा येतो, पण वाचाच.

आता उलटी बाजू. भेटले नाहीत, फोन नाही, चिठ्ठी नाही, तरी संगनमत होऊ शकतं का? अमेरिकेतल्या विमान कंपन्यांची १९९२ ची केस यासाठी माझी सगळ्यात आवडती आहे. सगळ्या एअरलाइन्स आपापली भाडी एका सामायिक कॉम्प्युटर सिस्टिममध्ये टाकायच्या, ट्रॅव्हल एजंटांना दिसावीत म्हणून. त्यात प्रत्येक भाड्याला एक तारीख असायची की हे तिकीट अमुक तारखेपासून विकायला सुरू. मग एक कंपनी दोन आठवड्यांनंतरची तारीख टाकून वाढीव भाडं घालायची, बाकीच्यांनी पण तेवढंच वाढवलं तर ठीक, नाहीतर तारीख यायच्या आत ती आपली वाढ मागे घ्यायची किंवा तारीख पुढे ढकलायची. म्हणजे त्या भाड्याने एकही तिकीट विकलं गेलं नाही पण निरोप पोचला. आणि याच्यापेक्षा भारी म्हणजे तळटीपांचे कोड. समजा एका कंपनीने दुसरीच्या फायद्याच्या रूटवर भाडं पाडलं, तर दुसरी लगेच पहिलीच्या फायद्याच्या रूटवर भाडं पाडायची आणि दोन्हीकडे तळटीपेचा तोच कोड लावायची, म्हणजे समोरच्याला बरोबर कळायचं की हे का होतंय, तू तिकडचं मागे घे मग मी इकडचं घेते. अमेरिकेच्या न्याय विभागाने हे सगळं डेटामधून उकलून काढलं, आणि शेवटी १९९४ पर्यंत तडजोडीच्या आदेशाने हे प्रकार बंद करायला लावले. तळटीपेतला एक कोड! हे वाचल्यावर 'करार' म्हणजे सही केलेला कागद ही डोक्यातली कल्पना कायमची जाते.

अर्थात बहुतेक कार्टेल, म्हणजे संगनमत करणाऱ्या कंपन्यांच्या टोळ्या, एवढी हुशार नसतात. बरीच अगदी सरळ, टेबलाभोवती बसून ठरवलेली असतात, आणि तिथे अभ्यासाचा प्रश्न वेगळा होतो, तो म्हणजे ही टिकतात कशी आणि फुटतात कशी. लायसिनचं कार्टेल यासाठी बघा. लायसिन हे डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालायचं अमिनो आम्ल, बनवणाऱ्या कंपन्या जगात मूठभर. अमेरिकेची एडीएम, जपान आणि कोरियातल्या कंपन्या. एडीएमच्याच एका अधिकाऱ्याने एफबीआयला मदत केली आणि १९९२ पासून जवळपास तीन वर्षं बैठका गुपचूप रेकॉर्ड होत राहिल्या, त्यामुळे कार्टेल आतून कसं चालतं हे आख्ख्या जगाला बघायला मिळालं. यात नुसता भाव ठरवून भागत नाही, हा मुद्दा नीट लक्षात घ्या. भाव ठरला की प्रत्येकाला वाटतं आपण गुपचूप थोडं स्वस्त विकून जास्त माल खपवावा. म्हणून त्यांनी कुणी किती टन विकायचे ते वाटून घेतलं, दर महिन्याला आकडे कळवायचे, आणि वर्षाच्या शेवटी ज्याने कोट्यापेक्षा जास्त विकलं त्याने कमी विकलेल्याकडून माल विकत घेऊन फिटंफाट करायची असं ठरवलं. बैठकांना आडोसा म्हणून व्यापारी संघटनेची खोटी विषयपत्रिका. त्या टेप्समध्ये एका ठिकाणी हे लोक रिकाम्या खुर्च्यांवरून हसतायत, ही अमुक गिऱ्हाइकासाठी, ती एफबीआयसाठी. ते हसू ऐकलं की या विषयात बळी कोण असतो ते वेगळं समजवावं लागत नाही. एडीएमने १९९६ मध्ये १० कोटी डॉलर दंड भरला, त्यात सायट्रिक अ‍ॅसिडच्या कार्टेलचाही भाग होता, आणि पुढे अधिकारी तुरुंगात गेले.

पण दरवेळी आतला माणूस टेपरेकॉर्डर घेऊन थोडीच बसलेला असतो, म्हणून लिनियन्सी. जो पहिला येऊन कबूल करेल आणि पुरावा देईल त्याला दंड माफ, नंतर येणाऱ्यांना थोडीफार सूट. अमेरिकेने १९९३ मध्ये आपलं धोरण बदललं आणि पहिल्या येणाऱ्याला माफीची खात्री दिली, युरोपने १९९६ मध्ये स्वतःचं आणलं. व्हिटॅमिनच्या कार्टेलमध्ये १९९९ ला हॉफमन-ला रोशला अमेरिकेत ५० कोटी डॉलर दंड बसला आणि आधी जाऊन सहकार्य करणारी फ्रान्सची रोन-पुलांक सुटली. युरोपातल्या ट्रक कंपन्यांचं तर अजून मोठं, १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षं ते चाललं, ट्रकच्या लिस्ट प्राइस तर ठरवल्याच पण धूर कमी करणारं नवं तंत्रज्ञान कधी आणायचं आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकावर कसा टाकायचा हेसुद्धा मिळून ठरवलं. मॅन कंपनीने जाऊन सगळं सांगितलं, तिला शून्य दंड, आणि बाकीच्यांपैकी चार कंपन्यांना २०१६ मध्ये मिळून २९३ कोटी युरो.

यावर वर्गात हमखास वाद होतो की चौदा वर्षं लोकांना लुटणाऱ्याला नुसतं आधी पळत गेला म्हणून माफी कशी. वाद रास्त आहे. तरी मी लिनियन्सीच्या बाजूने आहे, कारण तिचा खरा परिणाम आत बसलेल्यांच्या डोक्यावर होतो. प्रत्येकाला रोज वाटत राहतं की समोरचा आज जाऊन सांगेल का, आणि कार्टेल सगळं विश्वासावर उभं असतं, तो विश्वासच पोखरला जातो. माफी मिळालेल्यावर नंतर नुकसानभरपाईचे दावे येऊ शकतात, त्यातून त्याची सुटका नाही, हे वादात कुणी सांगत नाही ते पण लक्षात ठेवा.

आता वर्चस्वाचा गैरवापर, म्हणजे त्या जोडीतलं दुसरं, मक्तेदारीचं कलम. इथे सगळ्यात आधी डोक्यातून काढायची गोष्ट म्हणजे मोठं असणं हा गुन्हा आहे. नाहीये. चांगला माल विकून, कमी खर्चात बनवून कुणी बाजार जिंकला तर कायदा त्याला हात लावत नाही, आणि लावूही नये. अडचण ही की जोरदार स्पर्धा आणि गैरवापर बाहेरून अगदी सारखे दिसतात. भाव पाडणं घ्या. गिऱ्हाइकाला स्वस्त मिळतंय, मग तक्रार कसली?

अ‍ॅक्झोची केस बघा, युरोपियन कोर्टाचा १९९१ चा निकाल. अ‍ॅक्झो ऑर्गॅनिक पेरॉक्साइड बनवायची, ते पिठाला पांढरं करायला वापरतात आणि प्लॅस्टिक उद्योगातही लागतं. ब्रिटनमधली ईसीएस नावाची छोटी कंपनी पिठाच्या बाजूला विकायची, ती प्लॅस्टिकच्या बाजूला शिरायला लागली, जिथे अ‍ॅक्झोची खरी कमाई होती. मग अ‍ॅक्झोने काय केलं तर ईसीएसच्या पिठाच्या गिऱ्हाइकांना कमी भावात माल द्यायला सुरुवात केली. लढाई एका बाजारासाठी आणि भाव पाडले दुसऱ्याच बाजारात! कोर्टाने यातून नियम काढला की सरासरी बदलत्या खर्चाच्याही (म्हणजे कच्च्या मालासारखा, जास्त माल बनवला की वाढणारा खर्च) खाली विकलं तर गैरवापर धरायचाच, आणि त्याच्या वर पण एकूण सरासरी खर्चाच्या खाली असेल तर प्रतिस्पर्ध्याला संपवायचा बेत होता का ते बघायचं. अमेरिकेत मात्र १९९३ च्या ब्रुक ग्रुप केसनंतर एवढ्याने भागत नाही, प्रतिस्पर्धी गेल्यावर नंतर भाव चढवून तोटा भरून काढता येईल हे पण दाखवावं लागतं, आणि ते दाखवणं महाकठीण. त्यामुळे तिथे असे दावे क्वचितच जिंकले जातात. तौलनिक अभ्यास करायचा असेल तर याच्यापेक्षा चांगला विषय नाही.

आणि वर्चस्व कुठल्या बाजारात? यावर निम्म्या केसेस जिंकल्या किंवा हरल्या जातात. १९५६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर ड्यू पाँट होती, देशातलं जवळपास ७५ टक्के सेलोफेन तिचं. पण कोर्ट म्हणालं बाजार नुसत्या सेलोफेनचा धरू नका, वेष्टनाचे सगळे लवचिक प्रकार धरा, मग वाटा २० टक्क्यांच्या खाली आला आणि ड्यू पाँट जिंकली. यातली चूक अर्थतज्ज्ञांनी नंतर दाखवली आणि ती समजून घेण्यासारखी आहे. मक्तेदाराने आधीच भाव एवढा चढवून ठेवलेला असतो की त्या भावाला गिऱ्हाईक दुसऱ्या कशाकडे तरी वळायच्या बेतात असतंच, आणि तुम्ही तिथे उभं राहून विचारता की भाव अजून वाढला तर लोक जातील का, तर उत्तर हो येणारच. म्हणजे ज्याने जास्त लुबाडलं त्याचाच बाजार मोठा दिसतो. युरोपात १९७८ मध्ये उलट झालं, युनायटेड ब्रँड्सच्या केसमध्ये प्रश्न होता केळ्यांचा बाजार वेगळा की सगळ्या फळांचा एकच, आणि कोर्टाने चक्क केळं मऊ असतं, बिया नसतात, वर्षभर मिळतं, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी यांना तेच चालतं असा विचार करून बाजार वेगळा धरला. अनेकांना हे हास्यास्पद वाटतं. मला नाही वाटत, ज्याला पर्याय नाही त्याच्याकडे बघायला कोर्ट विसरलं नाही, पण त्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा चढा भाव लावता येतो का हा पुढचा प्रश्न मात्र तिथे सुटून गेला.

अर्थशास्त्राची भीती बाळगू नका हे इथेच सांगून टाकते. गणित फारसं लागत नाही. सरासरी खर्च, बदलता खर्च, मागणी किती लवचिक आहे म्हणजे भाव वाढला की ती किती घटते, आणि थोड्या लोकांच्या बाजारात एकमेकांकडे बघून कसं वागतात, एवढं पक्कं असलं तर नव्वद टक्के निकाल समजतात. कायद्याचे विद्यार्थी आलेख दिसला की पान उलटतात, ते करू नका.

डिजिटल कंपन्यांच्या केसेसमध्ये मला सगळ्यात जास्त खटकतं ते म्हणजे वेळ. गुगल शॉपिंगची चौकशी युरोपियन कमिशनने नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू केली. आरोप असा की सर्चमध्ये स्वतःची किमतींची तुलना करणारी सेवा वर दाखवली आणि तशाच दुसऱ्या साइट्सना खाली ढकललं. निर्णय आला जून २०१७ मध्ये, दंड २४२ कोटी युरो, आणि शेवटचं कोर्ट शिक्कामोर्तब करेपर्यंत सप्टेंबर २०२४ उजाडलं. चौदा वर्षं! सर्चमध्ये तिसऱ्या चौथ्या पानावर गेलेली साइट चौदा वर्षं कशी जगणार? दंड तर सरकारी तिजोरीत जातो. म्हणून युरोपने २०२२ मध्ये डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट केला, त्यात आधी केस सिद्ध करत बसायचं नाही, मोठ्या प्लॅटफॉर्मना काय करायचं आणि काय नाही याची यादीच दिली. काही जाणकार म्हणतात की याने बाजार बघून निर्णय द्यायची पद्धत मोडीत निघते, आणि मी वर एवढं फॅक्ट्स फॅक्ट्स केलं म्हणजे मी पण तेच म्हणायला हवं. पण नाही. फॅक्ट्स तपासायला एवढा वेळ लागणार असेल की तोवर तपासायला स्पर्धकच उरत नाही, तर काही वागणुकींपुरता आधीच नियम केलेला बरा.

आणि आता अल्गोरिदम, म्हणजे सॉफ्टवेअरने भाव ठरवणं किंवा पाळणं. २०१५ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन पोस्टर विकणाऱ्या एकावर केस झाली, त्याने बाकीच्या विक्रेत्यांशी भाव ठरवला आणि तो पाळायला सॉफ्टवेअर लावलं, पण तिथे आधी माणसांनी माणसांशी ठरवलेलं होतं त्यामुळे केस सोपी. खरी गंमत लिथुआनियाच्या एतुरासची. अनेक ट्रॅव्हल एजन्सी एतुरास नावाची एकच बुकिंग सिस्टिम वापरत होत्या, त्या सिस्टिमच्या चालकाने २००९ मध्ये सगळ्यांना सिस्टिममधूनच मेसेज पाठवला की यापुढे ऑनलाइन सूट ३ टक्क्यांपर्यंतच, आणि सॉफ्टवेअरमध्ये तशी मर्यादा घातली. एजन्सी एकमेकींशी बोलल्याच नाहीत. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. युरोपियन कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं की नुसता मेसेज पाठवला गेला म्हणून तो माहीत होता असं धरता येणार नाही, निर्दोष मानायचं तत्त्व इथेही आहे, पण बाकी पुराव्यावरून मेसेज माहीत होता असं दिसलं आणि एजन्सीने उघडपणे हात झटकले नाहीत, तक्रार केली नाही, वेगळी सूट द्यायची धडपडही केली नाही, तर ती सामील होती असं गृहीत धरता येईल. म्हणजे आख्खी केस येऊन थांबते ती कोणत्या एजन्सीने तो मेसेज वाचला होता आणि वाचल्यावर तिने काय केलं यावर. तुम्ही त्या एजन्सीच्या वकील असता तर पहिली कुठली फाइल मागवली असती, आणि केस करणाऱ्या स्पर्धा आयोगाच्या बाजूने असता तर कुठली, हे लिहून काढा आणि मग निकाल वाचा.